दुबईची पार्सलं आणि बाबांचं गोल्फ

आमच्या घरात महागाची वस्तू आली की तिच्या पाठोपाठ एक किस्सा येतोच. वस्तू दोन दिवसांत कपाटात जाते, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जाते. किस्सा तेवढा आमच्याकडे राहतो. आता इतके साठलेत की पाहुणे चहाच्या आधी विचारतात, "काय गो, दुबईहून नवीन काय आलं?"

दुबईला माझा मोठा भाऊ असतो, दादा. मी रत्नागिरीतच शाळेत शिकवते. आईबाबा मांडवीला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. बाबांचा वाढदिवस जवळ आला की दादाचा फोन येतो, "यंदा काय देऊया?" मागच्या वर्षीची भेट फुकट गेली, म्हणून यंदा तिच्याहून महाग, असं त्याचं साधं गणित आहे. आणि बाबांना एकाच गोष्टीची आवड. गोल्फ!

रत्नागिरीतल्या माणसाला गोल्फ कुठून चिकटलं, असं सगळेच विचारतात. बाबा लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला होते. तिथे मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला. संध्याकाळी गेस्ट हाउसच्या मागे तो एकटाच बॉल मारत असायचा. बाबांना त्याची दया आली. घरदार सोडून आलेला माणूस, सोबत नको? म्हणून ते शेजारी जाऊन उभे राहायला लागले. उभं राहता राहता शिकले. साहेब परत जाताना एक काठी देऊन गेला. सात नंबरची, लोखंडी तोंडाची.

रिटायर झाल्यावर बाबांनी गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या माळावर, आपलं मैदान काढलं. सगळा जांभा कातळ. त्यातल्या एका खळग्यात गोड्या तेलाचा अर्धा कापलेला डबा बसवला, शेजारी बांबूला आईच्या जुन्या लाल साडीचा तुकडा बांधला. झालं गोल्फ! बॉल डब्यात पडला की टण्ण वाजतो.

"बाबा, गोल्फला अठरा होल लागतात," मी एकदा सांगितलं.

"कातळ हाय तो," बाबा म्हणाले. "पहार घेऊन ये. उरलेले सतरा तू खण."

* * *

पहिल्यांदा दादाने बूट पाठवले. खास गोल्फचे, तळाला खिळे असलेले.

आता आमच्या घरचा एक नियम सांगते. बाबांना कुठल्याही वस्तूची खरी किंमत सांगायची नाही. एक शून्य काढायचं, आणि वर "सेलमध्ये मिळालं" म्हणायचं. नाहीतर वस्तू दुकानात परत जाते, मग दुकान दुबईला का असेना. त्यामुळे बूट आठशे रुपयांचे झाले.

बाबा ते घालून कातळावर चालले तर टांग्याचा घोडा निघाल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात समोरून भाटकरकाका आले. हे बाबांचे जिवलग दोस्त. त्यांची मच्छीमारीची होडी आहे. त्यांनी बूट उलटे करून खिळ्यांवरून अंगठा फिरवला.

आठवड्याने मी विचारलं, "बाबा, बूट कुठे?"

"भाटकराला दिले. जेटीवर शेवाळ असतं. हे बूट घातले की घसरत नाय माणूस."

"दिले? फुकट?"

"फुकट कशाला? नऊशेला दिले," बाबा म्हणाले, आणि अगदी सावकाश पुढे म्हणाले, "दादाला सांग, माल चांगला हाय. आणखी सहा जोड पाठव. जेटीवर मागणी हाय."

 

* * *

मग आला हातमोजा. कसल्याशा मऊ कातड्याचा, फक्त डाव्या हाताचा. आईने तो उलटसुलट करून पाहिला. "उजवा हरवला वाटतं वाटेत," म्हणाली.

त्या मे महिन्यात आमच्याकडे फणस फोडताना आईच्या हाताला चीक लागला नाही. डाव्या हाताला. उजव्याला तेल लावलेलं होतं.

* * *

बॉलचा किस्सा दादाला अजून सहन होत नाही, म्हणून तो मी मुद्दाम सांगते.

सडा म्हणजे जांभा. बॉल एकदा आपटला की कुठे उडेल त्याचा नेम नाही. निम्मे करवंदाच्या जाळीत जातात, आणि तिथे हात घालायची कुणाची टाप नाही. दादाने चांगला मोठा खोका पाठवला. प्रत्येक बॉल वेगळ्या कागदात गुंडाळलेला.

सड्याच्या कडेला पार्वतीकाकीचं घर आहे. एक दिवस ती बाबांकडे आली. म्हणाली, "जाधव, तुमचा एक बॉल आमच्याकडे हाय. मी काय देणार नाय तो."

झालं होतं असं, की काकीच्या कोंबड्या खुराडं सोडून भलतीकडेच अंडी घालत सुटलेल्या. खुराड्यात आधीचं एखादं अंडं दिसलं की कोंबडी तिथेच बसते, म्हणून काकी रोज एक अंडं तसंच ठेवायची आणि रोज ते मुंगूस न्यायचं. जाळीत सापडलेला बॉल तिने खुराड्यात ठेवला. मुंगसाने चावून पाहिला आणि नाद सोडला. कोंबड्या खूश!

"आणखी दोन असतील तर द्या," काकी म्हणाली. "एकावर भांडतात मेल्या."

बाबांनी अख्खा खोका दिला. कागदांसकट.

दादा फोनवर ओरडला, "आई, एका बॉलची किंमत माहितेय का तुला?"

"अंडी गावठी आहेत रे," आई म्हणाली. "तू आलास की खा."

* * *

अंतर मोजायच्या दुर्बिणीची तर सगळ्या मांडवीत कीर्ती झाली.

डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, समोरचं झाड किती लांब आहे त्याचा आकडा आत दिसतो. बाबांना ती बघताक्षणी भाटकरकाकांचा गडगा आठवला. काका आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्या परड्यांमध्ये दगडांचा एक गडगा आहे. तो कुणी कुणाच्या हद्दीत सरकवला, यावरून दोन्ही घरं बोलत नव्हती. गणपतीलासुद्धा एकमेकांकडे पाय ठेवत नसत!

दोन्ही पार्ट्या जमल्या. बाबांनी मध्ये उभं राहून दुर्बीण डोळ्याला लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग आईच्या हातात दिली. "आकडा बारीक हाय गो. तू वाच."

आईने आधी काकांच्या बाजूला पाहिलं, मग चुलतभावाच्या. शांतपणे म्हणाली, "दोन्हीकडे सारखंच आहे."

पुन्हा बघा म्हणाले. पुन्हा पाहिलं. सारखंच! मशीनच बोलल्यावर माणसं काय बोलणार? त्या गणपतीत काकांनी चुलतभावाकडे आरती म्हटली.

मी संध्याकाळी घरी येऊन पर्स उघडली, तर दुर्बिणीचा सेल माझ्या पर्समध्ये. दुकानातून आणलेला, अजून पाकिटात!

आईला फोन केला. म्हणाली, "असू दे. उद्या आण."

* * *

आत आकडाच नव्हता, तरी बाबांना तो बारीक वाटला, हे तेव्हाच आमच्या डोक्यात यायला हवं होतं. मोतीबिंदू पिकत होता. बाबा कबूल करतील तर शपथ! "हल्ली धुकंच फार पडतं," म्हणायचे. एप्रिलमध्ये!

मग एक दिवस त्यांनी काठी माळ्यावर टाकली. बॉल कुठे जातो तेच दिसत नाही, तर मारायचा कशाला? आणि तिथून माणूस जो बसला तो बसला. सकाळी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. भाटकरकाका आले तरी हं आणि हूं. ताटातलं निम्मं तसंच. खरं सांगते, मला रडू यायचं बघून. सड्यावरचा तो डबा म्हणजे बाबांचा जीव होता, हे तेव्हा कळलं.

महिनाभर आईने पाहिलं. मग स्वतः स्टुलावर चढून काठी खाली काढली. "चला. मी डब्यापाशी उभी राहते. बॉल कुठे गेला ते मी सांगीन."

जिने उभ्या जन्मात कॅरमच्या सोंगटीला हात लावला नाही, ती आई पहाटे उठून गोल्फला जायला लागली! बाबा मारायचे, आई लांबून ओरडायची, "थोडक्यात चुकला!" किंवा "गेला!" आणि डबा वाजायचा, टण्ण.

महिन्याभरात बाबा पहिल्यासारखे जेवायला लागले. आणि खेळ? काय सांगू! डोळे धड होते तेव्हा आठवड्यातून एकदा डबा वाजायचा. आता दिवसाआड!

"नजर नाय गो लागत ह्याला," बाबा मला सांगायचे. "हात बसावा लागतो."

* * *

पण असं किती दिवस चालणार? बाबा एकदा दाराऐवजी कपाटात शिरले, तेव्हा मी दादाला फोन केला. म्हटलं, यंदा वाढदिवसाला डोळे देऊया. दादा म्हणाला, "लेन्स सगळ्यात महागातली. यात तरी कोंबडी यायची नाही मध्ये."

डॉक्टरांनी टेबलावर तीन प्रकारच्या लेन्स मांडल्या. एक इथली, एक बाहेरची आणि एक त्याहूनही बाहेरची. मी तिसरीवर बोट ठेवलं.

"एवढी कशाला?" आई म्हणाली.

"अगं, लांबचं, जवळचं, सगळं लख्ख दिसेल."

"एवढं लख्ख बघायचंय काय ह्या वयात?"

मला वाटलं पैशांचं बोलतेय. मी म्हटलं, दादा देतोय, तू गप्प बस.  मग बाबा ड्रॉप्स घालायला आत गेले तशी आई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "डॉक्टर, जरा कमी दिसेल अशी नाय का कुठली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं. दुसरं काय करणार?

बाबांना आम्ही सांगितलं होतं, ऑपरेशन फुकट आहे, शिबिरात नाव लागलं. दुसरा डोळाही झाल्यावर मी त्यांना रिक्षाने घरी आणत होते. पट्टी निघालेली, काळा चष्मा लावलेला. माझ्या मांडीवर फाइल. बाबा जरा वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्यांनी पहिली गोष्ट वाचली ती बिल!

मांडवी येईपर्यंत पुन्हा दोनदा वाचलं. फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "ह्याच्यात भाटकराच्या होडीला नवं इंजिन आलं असतं." मग समुद्राकडे पाहिलं. "दिसतं मात्र लख्ख हां."

आईचं लक्ष मात्र कशात नव्हतं. रात्री भात करपला. आमच्या आईचा भात करपला, यावरून समजा!

* * *

डॉक्टरांनी सड्यावर जायला परवानगी दिली त्या सकाळी मीही गेले. दादाला व्हिडिओ हवा होता. मळभ होतं, ऊन अजून आलंच नव्हतं. बाबा लहान मुलासारखे एकेक दाखवत सुटलेले, "ते बघ लाइटहाउस! ती बघ पार्वतीची म्हैस!" काळा चष्मा खिशात. आठवडाभर लावायला सांगितलेला, त्याला महिना होऊन गेलेला.

आई लाल फडक्यापाशी जाऊन उभी राहिली. नेहमीसारखीच, पदर खोचून. जाताना मला म्हणाली, "आज आणायला नको होतं गो ह्यांना." का, ते मी विचारलं नाही. माझं लक्ष मोबाइलकडे.

बाबांनी काठी उचलली आणि मारला. बॉल कातळावर आपटला, डावीकडे उडाला, परत आपटला आणि सरळ करवंदाच्या जाळीत गेला. डब्यापासून चांगला लांब. मी बघितला. बाबांनी बघितला. जाळी हललेलीसुद्धा दिसली.

"गेला!" आई ओरडली, आणि कंबरेच्या पिशवीतून एक बॉल काढून तिने डब्यात टाकला.

टण्ण.

मी मोबाइल खाली केला. बाबांकडे बघायची हिंमत होईना. आईने वर पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती तशीच उभी राहिली, हात पिशवीत.



बाबांनी खिशातून काळा चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. डोळ्यांवर चढवला.

"बाबा, आता गरज नाही त्याची," मी म्हटलं.

"ऊन लागतंय," बाबा म्हणाले.

त्यांनी दुसरा बॉल ठेवला, पाय रोवले, नीट नेम धरला आणि मारला. आई एवढी गोंधळलेली, की बॉल अजून हवेत होता आणि डबा वाजला.

"बघितलंस?" बाबा मला म्हणाले. "दादाला सांग, लेन्स एक नंबर हाय."