शंभर ग्रॅम शिसं

शांतवनला चर्चनं वाळीत टाकलं, ही बातमी २००३ साली कमरीपेठेत मी स्वतः चार घरी पोचवली. सोबत पुरावाही दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यातले सगळे पुढं जाऊन, गुडघे टेकून प्रभुभोजनाची भाकर घेतात आणि हा एकटा दाराजवळच्या बाकावर बसून राहतो. पाचव्यांदा सांगायला गिरणीत गेलो, तर तिथं पिठाचा डबा घेऊन त्याची बायको लीलाच उभी.

"कुणी वाळीत टाकलं नाही हो, भावजी," ती म्हणाली. "चर्चचे पाळकसाहेब दर महिन्याला घरी येऊन विनवतात. यांनीच स्वतःला पंगतीतून उठवलंय."

मग तिनं थोडं सांगितलं, पुढं कधीतरी शांतवननं बाकीचं. त्यातलं काही माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि मला पत्ता नव्हता, हे माझ्यासारख्याला जरा झोंबलंच.

शांतवनचा धंदा तराजू दुरुस्तीचा. दुर्गदबैलच्या बाजारात एका जिन्याखाली त्याचं दुकान, म्हणजे एक माणूस, एक शेगडी आणि एक गिऱ्हाईक मावेल एवढी जागा. ते गिऱ्हाईक बहुतेक वेळा मीच असायचो, काम नसलेलं. लोखंडी वजनाच्या पोटात एक खळगा असतो. वजन झिजलं की त्यात शिसं ओतून भरती करायची, मग सरकारी माणूस त्या शिशावर शिक्का मारतो. खळग्यात किती शिसं आहे, हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. एवढं सोपं काम, आणि वीस वर्षांत ह्या माणसानं एक ग्रॅम इकडचा तिकडं केला नाही. रविवारी दुकान बंद. मटका नाही, ढाब्यावरची बाटली नाही. दिवाळीत शेजारच्या दुकानांत लक्ष्मीपूजन व्हायचं, तेव्हा हा बाहेर हात जोडून उभा राहायचा, सगळ्यांची चौकशी करायचा आणि प्रसाद पुढं आला की हसून नको म्हणून मान हलवायचा.

आम्ही त्याला पाद्रीबुवा म्हणायचो. "पाद्रीबुवा, तुमचा देव जेवायला गेलाय तोवर एक आकडा लावा," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "आमचा देव डबा घेऊन येतो, बाळण्णा. इथंच बसून जेवतो." सगळे हसायचे, तोही. पण त्या हसण्यात तो कायम पलीकडच्या बाजूला असायचा. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो असं नाही.

त्याला अलीकडं ओढलं ते भीमसेन शेठनं. शेठचा चिंच-मिरचीचा मोठा व्यापार. येता-जाता कानडीत "बा शांतवन, बा" म्हणून बोलवायचे आणि हाताला धरून गादीवर बसवायचे. मुलीच्या लग्नात ह्याला घरच्या माणसांच्या पंगतीत बसवलं आणि पाव्हण्यांना सांगितलं, "हा आमचा माणूस." लीला म्हणते, त्या दिवशी हे घरी आले ते नवरदेवासारखे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला कुणीतरी आपलं म्हटलं होतं.

१९९९ साली शेठनं पाच किलोचं एक वजन पाठवलं. खरेदीचं. "शंभर ग्रॅम घाल आत. सगळेच घालतात. आमच्यासाठी एवढं कर." शांतवननं पैसे घेतले नाहीत, आणलेला चहासुद्धा प्याला नाही. पण शिसं ओतलं. आता शेतकऱ्याची पन्नास किलो चिंच एकोणपन्नास भरायची. जुना शिक्का नव्या शिशाखाली गेला होता. पण वजन उलटं करून बघतो कोण? तपासणीच्या दिवशी ते पोत्यांमागं जायचं, एवढंच.

दोन वर्षांनी, चिंचेच्या हंगामात, अळनावरकडच्या एका खेड्यातली हिराबाई त्याच्या दुकानात आली. पॅसेंजरनं आली होती. पिशवीतून स्वतःचं पाच किलोचं वजन काढून तिनं समोर ठेवलं.

"अण्णा, माझ्या वजनाला खोट आलीय बघ. घरी पन्नास भरते, शेठकडं एकोणपन्नास होते. तो शेठ भला माणूस, मलाच खोटं बोलल्यासारखं होतं. ह्याचं काय असेल ते कर."

मी तिथंच बसलो होतो. म्हणालो, "अक्का, वाटेत तूच किलोभर खाल्लीस काय?" ती हसली. शांतवन हसला नाही. त्यानं ते वजन काट्यावर खऱ्या पाच किलोसमोर ठेवलं. काटा मधोमध उभा राहिला, मला दिसला; पण मला त्यातलं काय कळतंय? त्यानं ते उतरवून हातात घेतलं. मग खाली बघून म्हणाला, "झिजलंय." शेगडी पेटवली आणि तिच्या खऱ्या वजनात शंभर ग्रॅम शिसं ओतलं. शेठच्या खोट्याला जुळेल एवढं, मोजून. हिराबाईनं त्याला पदरातली मूठभर चिंच दिली.

त्या रविवारपासून तो दाराजवळच्या बाकावर आहे. त्यांच्यात रीत आहे: ज्याचं वाईट केलंस त्याच्याशी आधी मिटव, मग भाकरीला हात लाव. मिटवायला निघायचं धाडस गोळा करण्यात ह्याचं एक वर्ष गेलं.

मग एक खरं वजन घेऊन तो लीलाला घेऊन हिराबाईच्या गावी गेला. हिराबाईनं सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी शेजारणींना चिंच जास्त घालत होते होय. तरीच मला सगळ्या चांगली म्हणायला लागल्या." हसली, मग हसायची थांबली. "पण अण्णा, मी तुझ्यापाशी आले होते. दुसऱ्या कुणापाशी नाही." मग म्हणाली, "जा. सोडलं मी."

शेठकडंही गेला. तिथं विजेवरचा काटा आला होता, आकडे लाल पेटणारा. जुनी वजनं भंगारात गेली होती. "कुठलं वजन रे?" शेठ म्हणाले. "चहा घे." त्यानंतर ह्याला गादीवर कुणी बसवलं नाही.

आता त्याच्याकडं दुरुस्तीला तराजू फारसे येत नाहीत. परवा मी जिन्याखाली डोकावलो, सवयीनं. म्हटलं, "पाद्रीबुवा, पाळक म्हणतात देवानं माफ केलं. हिराबाई म्हणते तिनं माफ केलं. मग घे की ती भाकर. देवापेक्षा तूच कडक?"

त्यानं हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाला, "माफी मागायला नाव लागतं, गाव लागतं. हिराबाईचं होतं, मागितली. शेठच्या त्या वजनावर दोन-तीन वर्षं आणखी किती जणांनी माल घातला, त्यांची नावं तू सांग. तुला गावभरच्या बातम्या असतात ना."