तिसऱ्या काचेखालचा रबर

माझ्या काकांनी आयुष्यभर काचा बसवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या. कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी त्यांचं बोट खिडकीच्या कडेवरून फिरून यायचं. "कुणी बसवली हो ही?" असं ते विचारायचे, आणि त्या सुरावरूनच घरमालक ओशाळायचा. काकू म्हणायची, "पाहुणे म्हणून आलात की तपासणीला?"

पण आमच्या शहरातल्या त्या प्रसिद्ध टॉवरचा विषय निघाला की काका पाणी प्यायला उठायचे. टॉवरच्या माथ्यावर काचेच्या जमिनीची गॅलरी आहे. तिच्यावर पाय ठेवायला लोक कुठून कुठून येतात. ती जमीन काकांच्या टोळीने बसवलेली. कुणी असतं तर गावभर सांगत फिरलं असतं. काका मात्र बावीस वर्षांत एकदाही वर गेले नाहीत. उंचीची भीती असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. जन्मभर परांचीवर उभ्या राहिलेल्या माणसाला कसली आलीय उंचीची भीती, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गोष्ट फुटली ती सहलीमुळे. काकांची आठ वर्षांची नात शुक्रवारी शाळेबरोबर टॉवरवर जाणार होती. काकांनी फर्मान काढलं, "तिला पाठवायचं नाही." कारण विचारलं तर पाणी प्यायला उठले. तिची आई, म्हणजे माझी चुलत बहीण, चिडली. नात रडली. काकूने जेवण वाढताना भांडी जरा जास्तच वाजवली.

मंगळवारी संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आले. मी इमारतींच्या भाराची गणितं करते, म्हणून बहुतेक माझ्याकडे आले असावेत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"काचेच्या जमिनीच्या एका कोपऱ्याखाली रबर नसेल तर काय होतं गं?"

मग सगळं बाहेर आलं. काच लोखंडी चौकटीवर नुसती ठेवत नाहीत. काच आणि लोखंड एकमेकांना लागता कामा नयेत, म्हणून प्रत्येक कोपऱ्याखाली अंगठ्याएवढा रबराचा तुकडा असतो. टोळीचा नियम असा, की वर जाताना रबर मोजून घ्यायचे आणि उतरल्यावर खिसे उलटे करून दाखवायचे. शेवटच्या दिवशी काकांकडे तीन काचा होत्या. कोपरे बारा, रबर बारा. काम संपलं आणि सगळे खाली फोटो काढायला धावले. खिसे कुणी बघितलेच नाहीत. घरी कपडे बदलताना काकांच्या खिशातून एक रबर खाली पडला.

"पहिल्या दोन काचा मी सावकाश केल्या होत्या. घाई झाली ती तिसरीला."

"मग सांगितलं का नाही?"

"आमच्या टोळीच्या थोरल्या मिस्त्रींनी त्याच आठवड्यात एकाला एवढ्याशा चुकीसाठी घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेगळ्या कामावर. आज सांगू, उद्या सांगू करता करता टॉवरचं उद्घाटन झालं. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

तो रबर बावीस वर्षं काकूच्या शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे. काकूला वाटतं, नवऱ्याने प्रेमाने लावून दिला.

मी कागद ओढला. "काका, या काचेला तीन थर असतात. एक तडकला तरी बाकीचे दोन..."

"तडकला तरी म्हणालीस ना? तिथेच थांब. तुझा कागद खरा असेल गं, पण पोर कागदावर उभी राहणार नाहीये."

मी कागद बाजूला सारला. बुधवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं सकाळच्या पहिल्या लिफ्टने वर गेलो. माझ्या कानात दडे बसले. काका दाराकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे.

गॅलरीत एक जोडपं काचेवर उड्या मारत फोटो काढत होतं.

"अहो, उड्या कशाला मारता?" काका ओरडलेच.

"घाबरू नका आजोबा, मजबूत आहे!" मुलगा हसत म्हणाला.

काकांनी भिंतीपासून काचा मोजल्या. तिसरीच्या कडेला गुडघे टेकले आणि नाक जवळजवळ काचेला लावलं. पहिल्या कोपऱ्यात करडा रबर. दुसऱ्यात करडा. तिसऱ्यातही.

रखवालदार लगबगीने आला. "आजोबा, चक्कर येतेय का?"

"नाही. काच बघतोय."

"काच नाही हो, काचेतून खाली बघतात."

चौथ्या कोपऱ्यावर खिडकीचा उजेड चमकत होता. मी पर्स आडवी धरली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकले. "काका, रबर आहे!"

काकांनी बघितलं. चेहरा काही सैल झाला नाही. "आमचे सगळे करडे होते. हा काळा आहे." मग हळूच म्हणाले, "काळे फक्त थोरल्या मिस्त्रींच्या पिशवीत असायचे."

त्यांनी तिथेच बसून फोन लावला. थोरले मिस्त्री आता ऐंशीच्या पुढचे, कानाने कमी. त्यामुळे अख्ख्या गॅलरीने ऐकलं.

"मिस्त्री, मी बारक्या बोलतोय. टॉवरवरून."

"आत्ता तिथे काय करतोयस? काम कधीच संपलं की रे."

"तिसऱ्या काचेखालचा काळा रबर तुम्ही घातलात?"

"मग काय माझ्या सासऱ्याने? तुम्ही सगळे फोटोला पळालात. मी मागाहून एकेक कोपरा बघत गेलो, नेहमीसारखा. एक मोकळा दिसला. रखवालदाराला हाताशी घेतलं, कड उचलली आणि सारला आत."

"मग मला बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी तुझं तोंड बघितलं. म्हटलं, याला कळलंय, हा आता जन्मात विसरायचा नाही. मग बोलून तोंड कशाला दुखवा?"

"अहो, बावीस वर्षं मी इथे पाय ठेवला नाही!"

"मग विचारायचंस. मी काय परदेशात होतो? बरं, त्यानंतर तुझी एक तरी काच हलली?"

"नाही."

"झालं तर मग. ठेव आता, डोळ्यात थेंब घालायचेत."

काकांनी फोन खिशात टाकला. मग माझा हात धरून उठले आणि तिसऱ्या काचेवर दोन्ही पाय ठेवून उभे राहिले. तिथूनच त्यांनी लेकीला फोन केला.

"शुक्रवारी पाठव तिला."

"आणि कालपर्यंत काय झालं होतं तुम्हाला?"

"काल माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"घरी येऊन सांगतो. आईलाही बसव समोर."

लिफ्ट खाली निघाली तशी काकांची जीभ सुटली. म्हातारा खवीस, आतल्या गाठीचा, एक शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का मेल्याची! इतक्या खुशीत शिव्या देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. तळमजल्यावर लिफ्टवाल्याने दबकत विचारलं, "आजोबा, कुणाशी भांडण झालं का?"

"झालं," काका म्हणाले. "आणि हरलो एकदाचा."