दगडोबा मामा आधी बघून आले

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर दळणापेक्षा गोष्टीच जास्त येतात. दगडोबा मामांची गोष्ट मात्र मला कुणी येऊन सांगितली नाही, ती माझ्या डोळ्यांदेखत घडली. आठवली की त्या माणसाचा मला अजून राग येतो आणि कीवही येते.

मामा मेंढपाळ. आता दारात चार शेळ्या उरल्यात, पण उमेदीच्या काळात मोठा कळप होता. सुगी झाली की मामा, नर्मदा मामी, लेकरं, कुत्री आणि घोड्यावर बिऱ्हाड, असा सगळा लवाजमा गाव सोडायचा. कळप मुक्कामाला थांबवून मामा एकटे पुढे जायचे. पुढचं रान बघायचे. चारा किती, वारा कुणीकडून, शेतमालक भांडकुदळ तर नाही ना, सगळी चौकशी. ओढ्याचं पाणी आधी स्वतः पिऊन बघणार आणि मगच माघारी येऊन "चला" म्हणणार. मामी मेंढरं हाकत पोचल्या की हे बोट दाखवायचे, इथं चूल मांड, तिथं लेकरं निजव. त्यांनी निवडलेल्या रानात मेंढरू दगावलं, असं मी तरी ऐकलं नाही. त्यांच्या पारखेला अख्खा सेनगाव तालुका मानायचा.

त्यांचा पोरगा शिवहार फौजेत ड्रायव्हर झाला आणि त्याची बदली हिमाचलात झाली. दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"बाबा, फेब्रुवारीत मायला घेऊन या. इथं शेजारीशेजारी दोन ठिकाणं हायत, सोलंग अन् हामटा. लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरून राहतात. धावपळ नको, एकाच जागी चार दिस निवांत राहू. कोणती जागा, तेवढं तुमी ठरवा."

त्याने दोन्ही ठिकाणांचे व्हिडिओ पाठवले. मामांनी ते माझ्या गिरणीत बसून पाहिले. मामींना दाखवायला गेले तर त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. दळण सुपात घेऊन त्या माझ्याजवळ सरकल्या.

"शिला, जलमभर ह्यांनी पाहिलेलं म्या पाहिलं. झाड ह्यांनी पाहिलेलं, इहीर ह्यांनी पाहिलेली. ह्या येळेला दोघंबी संगंच पाहू. पहिल्यांदा."

हे त्या मामांनाही म्हणाल्या, माझ्यासमोर. मामा "व्हय, व्हय" म्हणाले. पण त्यांचं सगळं ध्यान मोबाईलमधल्या उतारावर होतं.

त्यानंतर महिनाभर गोरेगावात दुसरा विषय नव्हता. मामा ज्याला त्याला थांबवून विचारायचे, सोलंग बरं का हामटा? हिंगोलीच्या जीपवाल्याने सोलंगच्या बाजूने मत दिलं, तिथे दोरीवरचा पाळणा आहे म्हणून. किराणा दुकानदार नरसिंग म्हणाला, हामट्याला गर्दी नाही, म्हातारपणी गर्दी कशाला? या दोघांनीही जवळच्या औंढ्याच्या पलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं, पण सल्ला द्यायला काय लागतं! मामा मात्र शिवहारला फोनवर विचारायचे, "वारा कुणीकडून येते? दुपारी ऊन कुठं पडते? पाणी कसं हाय?" बिचारं पोरगं डोक्याला हात लावायचं. मामी म्हणायच्या, "कोणतं बी असू द्या. दोन्हीकडं बर्फच हाय ना?"

मामींनी हिंगोलीच्या बाजारातून लाल स्वेटर आणला होता. पायमोजे आणले होते. पिशवी भरून खुंटीला लावली होती. कुणी विचारलं की त्या लाजायच्या. या वयात लाजणाऱ्या मामी मला फार आवडायच्या.

डिसेंबरात शिवहार सुट्टीवर घरी आला होता. महिन्याच्या शेवटी तो परत निघाला, आणि आदल्या दिवशी मामांनी जाहीर केलं, "म्या ह्याच्यासंगं जातो. दोन्ही जागा बघून येतो, मंग तुला नेतो."

मी तिथेच होते. रागाने माझं डोकं फिरलं. "मामा, ती काय चराई हाय का? मामी काय म्हणल्या ते इसरलात?"

"अगं पोरी, न बघता बाईमाणसाला अशा जागी कसं न्यावं? तिला थंडीची तकलीफ झाली मंग? तिचे गुडघे दुखतात, तुला ठाऊक न्हाई का?"

त्यांच्या आवाजात नुसती काळजी होती. म्हणूनच तर भांडता येईना. शिवहारने आईकडे बघत बापाचंही तिकीट काढलं. मामींनी खुंटीवरची पिशवी काढली, आपला स्वेटर आणि मोजे बाहेर ठेवले आणि तिच्यात मामांचं घोंगडं भरलं. मामांना वाटलं, समजूतदार बायको आहे. मला मात्र त्या स्वेटरची घडी पुन्हा पुन्हा मोडून घालणारे त्यांचे हात दिसत होते.

चार-पाच दिवसांनी शिवहारने माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल केला. मी पळत मामींकडे गेले. "मामी, बघा, मामा बर्फात उभे हायत!" त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. "राहू दे. त्यायला बघू दे," म्हणाल्या.

मामा परतले ते उत्साहाने नुसते फुलून. घरी हातपाय धुवायचाही धीर नव्हता. मी भाकरीचं पीठ पोचवायला गेले होते, मलाही बसवून घेतलं.

"सोलंग आपल्या कामाचं न्हाई. गर्दी लई, अन् पायाखाली घोड्यांची लीद. हामटा बराबर हाय. एक भिताड हाय, वारा अडते. त्याच्या आडोशाला चपटा दगुड हाय, दुपारभर ऊन. तिथं तू बसायचं. चहावाल्याला म्या सांगून आलो, म्हणलं, माझी मालकीण येणार हाय. म्या सोता बसून पाहिलं त्या दगडावर."

मामी भाकरी थापत होत्या. ती तव्यावर टाकून म्हणाल्या, "चांगलं झालं. बघून झालं ना तुमचं?"

"व्हय. आता तू चल."

"मी कशाला येऊ? इथं बस, तिथं बघ, हे ऐकायला? ते तर मेंढरामागं लई ऐकलं. मला दाखवून घ्यायचं नव्हतं. संगं पाहायचं होतं."

 मामांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग ते म्हणाले, "मंग आपण सोलंगला जाऊ. लीद असली तर असू दे."

"ते बी पाहून आलात की," मामी म्हणाल्या. "एक तरी ठेवायचं होतं."

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांनी भाकरी उलटली आणि मामांना जेवायला वाढलं. फेब्रुवारीतले ठरलेले चार दिवस आले आणि गेले. पुढच्या वर्षी त्याची बदली राजस्थानला झाली. मामी तो लाल स्वेटर थंडीत घालून गिरणीवर यायच्या. कुणी म्हणालं, छान दिसतो, तर नुसत्या हसायच्या.

मामा बदलले. तेव्हापासून कुणाच्या सोयरिकीला, बैल बघायला कुणी बोलावलं तर जात नाहीत. एकदा मला म्हणाले, "शिले, म्या आयुष्यभर तिच्यासाठी चांगली जागा शोधली. तिला जागा नको होती, हे मला काहून कळलं न्हाई?"  माझा निम्मा राग तेव्हाच विरघळला.

यंदा मामींचे गुडघे पार गेले. दळण घेऊन आता मामाच येतात. परवा संक्रांतीच्या आधी आले, डबा ठेवला आणि गिरणी बंद होईपर्यंत बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "शिले, मोबाईलात बघ बरं. आणखी कुठं बर्फ पडते का, म्या न पाहिलेला?"

मी शोधलं. उत्तराखंडातलं औली सापडलं. पांढराशुभ्र उतार, त्यावरून घसरणारी माणसं. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला तर त्यांनी घाईघाईने डोळे मिटले आणि माझा हात बाजूला सारला.

"मला दावू नको. नाव तेवढं सांग."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाठ केलं, पिठाचा डबा खांद्यावर घेतला आणि घराकडे निघाले. मामींना आता अंगण ओलांडायलासुद्धा त्यांचाच हात धरावा लागतो.