मैनाबाईंचा गुळाचा चहा

मैनाबाईंची निवृत्तीरावांना खरी ओळख अशी नव्हतीच. त्या मळ्यातली भाजी घेऊन इंदिरानगरात बसतात आणि आपल्यासारखाच त्यांनाही मधुमेह आहे, एवढंच ठाऊक. आडनाव विचारायचं कधी सुचलं नाही.

सकाळी ते भाजीला आले की टपरीवरून दोघांचे बिनसाखरेचे चहा येत. बाई कमरेच्या पिशवीतून डबी काढून साखरेऐवजी घ्यायची गोडाची एक गोळी आपल्या ग्लासात टाकत, एक त्यांच्या. एके दिवशी डबीऐवजी गुळाचा खडा निघाला.

"गोळी बंद, भाऊ. लेकीनं मोबाइलवर दाखवलं. तिच्यातून पोटात जे तयार व्हतं ना, त्यात मढी टिकवून ठेवत्यात! त्यापरीस गूळ बरा. आपल्या मातीतला."

"गुळानंही साखर वाढते म्हणतात," निवृत्तीराव चाचरत म्हणाले.

"म्हणत्यात! डाक्टर कधी झालात?"

त्यांनी आपला ग्लास उचलला.

पावसाळ्यात वाफ्यात बाईंच्या पायाला काटा लागला. जखम भरेना. बोट काळं पडलेलं दिसलं, तेव्हा जन्मात कुणाला आग्रह न केलेले निवृत्तीराव रिक्षा थांबवून उभे राहिले.

"बसा. पाय गेला तर मळ्यात कोण उतरणार?"

दवाखान्यात साखर भलतीच वाढलेली निघाली. गुळाचं आणि गोळीच्या भीतीचं ऐकून डॉक्टर पल्लवी रागावल्या नाहीत.

"आजी, रक्ताला गूळ काय नि साखर काय, सारखंच. ते रसायन गोळीतून तयार होतं खरं, पण अगदी किंचित. पेलाभर टोमॅटोच्या रसातून त्याहून जास्त होतं. तेवढं शरीर सहज निपटून टाकतं."

"म्हंजी आमच्या टमाट्यात बी मढ्याचं औषिध?" मैनाबाई उडाल्याच. मग हसत सुटल्या. "अन् मी कॅरेटच्या कॅरेट विकते की वं!"

एक बोट गेलं, पाय वाचला. गूळ सुटला, पण गोळीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. तोंड वाकडं करून फिका चहा पीत. निवृत्तीरावांना वाटे, त्या भीतीत चिमूटभर खरं होतं, म्हणूनच ती इतकी चिवट.

दिवाळीनंतर त्या लेकीकडे येवल्याला गेल्या. तिथेच झोपेत वारल्या, असं टपरीवाल्याकडून कळलं. येवल्याला जाण्याआधीची सकाळ मात्र रोजच्यासारखीच होती.

"चहा झाला का, भाऊ?"

"झाला."

"मंग ही मेथी न्या. उद्याला सुकंल."

"दोन जुड्या कशाला? एक पुरे."

"न्या हो. तुमची सून निवडंल."