आजीने पाहिलेला जुना कागद

आमच्यात सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयाने सासूचं. बघितलं तर दृष्टी जाते. माझी आजी नानबाह आणि माझे बाबा लीलंड एकाच अंगणात तीस वर्षं राहिले, पण कधी समोरासमोर आले नाहीत. बोलायचं झालं तर मधे मी. "तुझ्या बापाला सांग, कुंपण मोडलंय," आजी तिकडे पाठ करून ओरडायची. बाबांना ते लख्ख ऐकू जायचं, तरी मला जाऊन सांगावंच लागायचं. माझं बालपण असं टपाल वाहण्यात गेलं.

गोऱ्यांच्या सरकारशी आमच्या जमातीने केलेल्या तहाला दीडशे वर्षं झाली तेव्हा मूळ कागद विंडो रॉकच्या संग्रहालयात आणला होता. आम्ही त्याला जुना कागद म्हणतो. त्याआधी त्यांच्या सैन्याने आमच्या लोकांना हाकत नेऊन दूर ह्वेल्दीच्या छावणीत चार वर्षं कोंडलं होतं. या कागदामुळे उरलेले घरी परतले. आजीची आजी त्यांच्यात होती, लहानशी पोर. तिने त्या जागेचं नाव घरात कधी काढू दिलं नाही. नाव घेतलं की ती जागा मागे लागते म्हणे. ती जागा आपल्याला पुन्हा ओढून नेईल, ही धास्ती माझ्या आजीने जन्मभर बाळगली.

"सोडलं ना आपल्याला खरंच? डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन नाही पडायची," ती म्हणाली.

आई लोकर कातरण्यात अडकली होती, म्हणजे गाडी बाबाच चालवणार. आजी ट्रकच्या मागच्या हौद्यात बसली, बाबांकडे पाठ, डोक्यावरून घोंगडी. शेजारी मी.

संग्रहालयापाशी रांग ही एवढी! बाबा पुढे, आम्ही बऱ्याच मागे. संध्याकाळी दारावरचा माणूस म्हणाला, "हा शेवटचा गट. सगळे एकदम आत या." खोली चिमुकली, काचेच्या पेटीभोवती गोल उभं राहायचं. तिथे तोंड चुकवणार कसं?

बाबा रांगेतून बाहेर पडले. "तिला घेऊन जा," मला म्हणाले. "मी गाडीपाशी आहे." त्यांचेही पणजोबा ह्वेल्दीहून चालत परतले होते. आठवडाभर बाबांच्या तोंडी या कागदाशिवाय दुसरा विषय नव्हता. मला फार वाईट वाटलं.

आजी काचेवर वाकली. तिला वाचता येत नव्हतं. कागदाच्या शेवटी सहीच्या जागी आपल्या म्होरक्यांच्या फुल्या होत्या, त्यांवर तिची नजर खिळली.

"एवढासाच? आणि हा असताना मी त्या जागेला जन्मभर भ्याले?" तिने मोठा श्वास सोडला. "सुटलो गं बाई. खरंच सुटलो."

परतताना आजीचं तोंड थांबेना. "तुझ्या बापाला सांग, शाई फिकी पडलीये. सांग, फुल्या वाकड्यातिकड्या आहेत. सांग, आता भिण्यासारखं काही नाही." मी केबिनच्या मागच्या खिडकीतून बाबांना एकेक सांगत होते. गाडी हळू झाली आणि कडेला थांबली.

"काय झालं गं?"

"बाबा रडताहेत."

आजीने घोंगडी आणखी पुढे ओढली. मग तीस वर्षांत पहिल्यांदा मला मधे न घालता ती बोलली.

"रडा, जावईबापू. मी बघत नाहीये."