हिर्डोशीहून परतल्यावर

आमचा मुलगा विषमज्वराने गेला. सहावं वर्ष चालू होतं त्याला. भोरमध्ये बेने इस्राएल ज्यूंचं घर आमचं एकच होतं आणि आमचं कब्रस्तान पुण्याला. त्यात तो शुक्रवार. सूर्यास्ताला शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत माती द्यायला हवी, म्हणून भाड्याची मोटार केली. मी त्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. ड्रायव्हरला कुणी काही सांगितलं नव्हतं. कापूरहोळला मोटारीत पाणी घालायला तो थांबला आणि मला म्हणाला, "पोरगं झोपलंय तवर तुमी पण पाय मोकळे करा, बाई." मी मान हलवली. माझे यजमान पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हे भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. गावात त्यांना इस्राएल मास्तर म्हणत. माणूस बोलका होता, वर्गात नकला करून शिकवणारा. मुलगा गेल्यावर त्यांचं बोलणं आटलं. आमच्यात मेलेल्यासाठी कादीश म्हणतात. त्या प्रार्थनेला दहा पुरुष हजर लागतात, आणि भोरमध्ये आमच्या धर्माचे पुरुष म्हणजे हे एकटेच. शाळेला सुट्टी लागली की हे पुण्याला जात, मशिदीत कादीश म्हणून परत येत. सिनेगॉगला आमचे लोक मशीदच म्हणत. एरवी संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसत. शब्द तोंडात असून म्हणता येत नाहीत, याचा त्यांना फार त्रास व्हायचा.

पुण्याच्या मशिदीतच यांची काकांशी ओळख झाली. सगळे त्यांना काकाच म्हणत. आमच्याच लोकांपैकी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, विधुर. तरुणपणी पुण्यात एका बगदादी ज्यू विद्वानापाशी बसून ते आमच्या धर्मातली गूढ विद्या शिकले होते. तिला कब्बाला म्हणतात. आमच्या कोकणातल्या घरांतून ती कुणाला ठाऊक नव्हती. आम्हाला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा माहीत, उपास माहीत, शब्बाथचा दिवा माहीत. पण हे पुण्याहून आले ते काकांचंच बोलत. भोरचे एक वकील यांचे स्नेही होते. उपनिषदं वाचायचे, थिऑसफीच्या व्याख्यानांना जायचे. ते म्हणाले, "काकांना हिर्डोशीला घेऊन या. माझं शेतघर रिकामंच असतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर शांत बसू." असा तो एकांतवास ठरला. हे जाणार म्हणून मीही निघाले. त्यांना एकटं सोडायला माझं मन धजत नव्हतं.

बैलगाडीने गेलो. भातं कापून झाली होती, घरात नव्या पेंढ्याचा वास भरला होता. आम्ही दोघं, काका, वकील आणि पुण्याहून काकांबरोबर आलेले दोन गृहस्थ, एवढीच माणसं. मी आणि गावातली एक बाई मिळून स्वयंपाक करायचो, भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. मांसमच्छी नाही म्हटल्यावर आमच्या आणि वकिलांच्या सोवळ्याचं फारसं वाकडं आलं नाही.

काकांचे नियम कडक होते. उजाडताना नीरेवर जाऊन बुडी मारायची, डोकं पूर्ण पाण्याखाली जायला हवं. मग दुपारच्या जेवणापर्यंत मौन. काका पाटीवर खडूने देवाच्या नावाची चार हिब्रू अक्षरं काढून पाटी भिंतीला टेकवून ठेवत. ते नाव उच्चारायचं नसतं. अक्षरांकडे नुसतं बघत राहायचं, मग डोळे मिटून ती आत उभी करायची. एका अक्षराला श्वास घ्यायचा, दुसऱ्याला सोडायचा. ती स्थिर झाली की एकेक अक्षर दुसऱ्या अक्षरांशी जोडत, फिरवत न्यायचं. काका सांगत, "अक्षरांनीच जग केलं आहे. त्यांच्या मागे जा, पण कुठे पोचायची घाई करू नका."

मला हिब्रू वाचता येत नव्हतं. शमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. डोळे मिटले की मला अक्षरं दिसत नसत, मुलाच्या कपाळावरच्या पट्टीचं ओलं फडकं दिसे. दुपारी प्रत्येकाने एकट्याने डोंगराकडे जाऊन देवाशी मोठ्याने बोलायचं असे, आपल्या भाषेत, जसं आईशी बोलावं. मी एका बांधावर जाऊन बसले. मग म्हणाले, "त्याला ओल्या फडक्याचा कंटाळा होता. तिथे घालू नकोस." त्यापलीकडे मला देवाशी बोलता आलं नाही. खाली उतरले तेव्हा राग आलेला होता. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही.

यांचं तसं नव्हतं. ते सगळ्यांच्या आधी पाटीसमोर बसत आणि सगळ्यांच्या नंतर उठत.

संध्याकाळी काका जुना ग्रंथ उघडून वाचत आणि मराठीत अर्थ सांगत. एका संध्याकाळी विषय निघाला गिलगुलचा, म्हणजे जीव पुन्हा देहात येतो त्याचा. वकील म्हणाले, "मग हा आपला पुनर्जन्मच की." काका म्हणाले, "शेजारी शेजारी आहेत, पण घरं वेगळी." मग त्यांनी सांगितलं, की लहानपणी गेलेल्या मुलाचं फार थोडं काम उरलेलं असतं. तेवढं पुरं करायला तो जीव परत येतो, कधी कधी जवळपासच येतो.

यांनी विचारलं, "जवळ म्हणजे किती जवळ?"

एकांतवासात त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. काकांनी ग्रंथ मिटला. "ते आपण शोधायचं नसतं, मास्तर. ते कळलं तर जगणं अवघड होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीसमोर बसलेले असताना यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हुंदका नाही, काही नाही. जेवताना मला म्हणाले, "मला तो दिसला. अक्षरं बाजूला झाली आणि मागे त्याचा चेहरा होता. खुशीत होता." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

भोरला परतलो. उत्रोलीची एक म्हातारी आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. ती सकाळी चरवी घेऊन आली आणि पायरीवर बसून म्हणाली, "बाई, नातू झाला मला."

हे ओसरीवर दाढी करत होते. "कधी झाला?"

"तुमी हिर्डोशीला व्हता तवाच की. बेस्तरवारी, दिस उगवायला."

यांनी ब्रश खाली ठेवला. त्यांना चेहरा दिसला होता तो गुरुवारच. ते काय मनात जुळवत होते ते मला लगेच कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं आहे.

त्या दिवसापासून शाळा सुटली की हे उत्रोलीच्या वाटेला लागत. प्रथम खडीसाखर घेऊन गेले. मग आमच्या मुलाचे चांदीचे वाळे पेटीतून काढून घेऊन गेले, मला न विचारता. म्हातारीला त्यांनी सगळं सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मला म्हणाली, "मास्तरांचं लेकरू आमच्या घरला आलं म्हना की. चांगल्या घरचा जीव हाय, नशीबच आमचं." तिने घरात, आळीत सांगितलं. शाळेतल्या मुलांपर्यंत गेलं. हेडमास्तरांनी यांना बोलावून समजावलं. हे ऐकून आले आणि संध्याकाळी पुन्हा उत्रोलीला गेले.

मी एकदा म्हणाले, "काकांनी शोधू नका सांगितलं होतं."

"मी शोधलं कुठे?" ते म्हणाले. "तो आपणहून आला."

खोटं सांगत नाही, मलाही तिकडे जावंसं वाटायचं. दूध तापवताना वाटायचं, ज्या घरातून हे दूध आलं तिथे तो पाळण्यात असेल तर? मग मी चुलीतलं लाकूड मागे ओढायची आणि दुसरं काम काढायची. गेले असते तर मी परत आले नसते, एवढं मला माहीत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. पदराखाली बाळ. म्हातारीची सून, हे तिने सांगायच्या आधीच मी ओळखलं. घरी मी एकटीच होते. ती आत येईना.

"सासूला बाजारात सोडून आले," ती म्हणाली. "लई येळ न्हाई मला."

मी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. तिने पाणी घेतलं नाही. कमरेची चंची सोडून वाळे काढले आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवले.

"ह्ये घ्या तुमचं. मास्तर लई चांगले हायेत. कंदी वंगाळ बोलत न्हाईत, लेकराला हात बी लावत न्हाईत. नुसते बघत बसत्यात. पन त्ये बघाय लागले की माझं दूध आटतं, बाई."

"मी सांगेन त्यांना," मी म्हणाले.

"तुमी सांगून न्हाई व्हायचं. आमची सासू बी म्हनती, मास्तरांचंच हाय. समदी म्हनत्यात. मी म्हनते, नऊ म्हैनं म्या वागवलं. त्यो दुसऱ्याचा कसा? पन मनात भ्या वाटतं. दोन घरांनी हाका मारल्या तर जीव टिकल का?"

तिने पदर बाजूला केला. बाळ जागं होतं. काजळ घातलेलं, गालावर तीट. ती म्हणाली, "तुमी आई हाय त्याची. म्हंजी त्या गेलेल्याची. आई वळकती. तुमी ह्याला बघा आन् सांगा, तुमचा हाय का न्हाई. तुमी म्हनाल त्ये मी मानीन."

ती माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केले नाहीत, तशीच वाकून पाहिलं. बाळाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या खिडकीच्या उजेडाकडे. ओठ चोखत होतं. सगळीच बाळं चोखतात.

"हा माझा नाही," मी म्हणाले.

"नीट बघा."

"बघितलं. हा तुझा आहे. याच्यात माझं काही नाही."

तिने बाळ छातीशी धरलं आणि बसल्या जागी रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मोटारीत मांडीवर घेतलं होतं तेव्हाही मनात कुठेतरी तो झोपल्यासारखाच होता. त्या ओसरीवर तो पुरता गेला. मी तिला खरं सांगितलं की खोटं, ते मी स्वतःला विचारलेलं नाही. तिने जे विचारलं होतं त्याला उत्तर एकच होतं.

संध्याकाळी हे शाळेतून आले, टोपी न काढताच निघायला लागले. मी वाळे त्यांच्या हातात ठेवले आणि दुपारचं सगळं सांगितलं. ते दारातच उभे राहिले.

"तुला कसं कळलं, तो नाही म्हणून?"

"मी त्याची आई आहे."

"तू पाटीसमोर कधी नीट बसली नाहीस. तुला दिसणार कसं?"

लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला टोचून बोललेलं तोवर आठवत नव्हतं. मी म्हणाले, "नसेन बसले. पण तुम्ही आता तिकडे गेलात तर मी माहेरी अलिबागला जाईन. त्या पोरीचं दूध आटतंय."

ते त्या दिवशी गेले नाहीत. रविवारी पुण्याला गेले आणि काकांना घेऊनच आले. काका मोटारीच्या प्रवासाने थकले होते. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझंही ऐकलं. मग यांना म्हणाले, "चूक मी केली. ही विद्या ज्याचं घर स्थिर आहे त्याला द्यायची असते. मला माझ्या गुरूंनी बजावून सांगितलं होतं. तुमचं दुःख बघून मला राहवलं नाही."

"मग मी जे पाहिलं ते काय?" यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही, मास्तर. ते पुस्तकात वाचून सांगता येत नाही. आता अक्षरं थांबवा. पुण्याला बदली करून घ्या, दहा माणसांत उभे राहा आणि कादीश म्हणा. त्यात सगळं आहे."

यांनी मान डोलावली, पण मला वाटतं त्या क्षणी काका त्यांच्या मनातून उतरले. 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसामागे ते इतके दिवस गेले होते. मला मात्र काकांबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला. काकांनी पुढे कधी एकांतवास घेतला नाही. वकिलांनी दोनदा बोलावलं, ते आले नाहीत.

यांनी उत्रोलीला जाणं बंद केलं. पाटी पुसून माळ्यावर टाकली. प्रार्थनाही बंद केली. शब्बाथचा दिवा मी लावत असे, ते शेजारी उभे राहत, ओठ हलत नसत. ती सून आपल्या माहेरी वेल्ह्याकडे गेली ती बरेच महिने परत आली नाही. म्हातारीने आमचा रतीब तोडला. तिचा माझ्यावर राग होता. एवढ्या चांगल्या घरचा जीव मी नाकारला, असं ती बाजारात बोलली.

उन्हाळ्यात पुण्याच्या एका शाळेत यांना जागा मिळाली आणि आम्ही भोर सोडलं. दीड-दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. सुईणीने तिला धुऊन यांच्या हातात दिलं. ते तिला खिडकीपाशी घेऊन गेले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी खाटेवरून त्यांची पाठ पाहत होते. फार वेळ झाला.

मी म्हणाले, "इकडे आणा तिला. भूक लागली असेल."

त्यांनी आणून दिली. काय पाहत होता, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तिचं नाव ठेवायला मशिदीत निघाले. जाताना त्यांनी मुलाच्या नावावरून काही काढलं नाही, माझ्या आजीचं नाव सुचवलं, आणि तेच ठेवलं.