कोपराला ठिगळ असलेला कोट

वरळीची आमची चाळ पाडली आणि आम्ही नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. तळमजल्यावरच्या विहारात एक शिळा बसवायचं ठरलं. दुसऱ्या महायुद्धात चाळीतून लढायला गेलेल्या शिपायांची नावं तिच्यावर कोरायची होती. वडिलांना त्यात आजोबांचं नाव हवं होतं. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी वर्तमानपत्रात काम केलेलं, म्हणून खातरजमाही माझ्याकडेच आली.

लष्कराकडे चौकशी केली तर त्यांनी शिपाई क्रमांक मागितला. तो घरात कुणालाच माहीत नव्हता. उरला एक फोटो. लालबागच्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा आणि त्यापुढे लष्करी कोटातले तरुण आजोबा. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, खांदे ओघळलेले. कोट दुसऱ्याचा असावा, असं मला वाटलं.

विहार समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता; ते नाव शिळेच्या यादीत आधीच होतं. तोच पडदा. कोटही तोच, कारण दोन्हीकडे वरून दुसरं बटण वेगळं होतं. त्यांना मात्र तो मापात बसला होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला.

तिथून परळला आत्याकडे. ती वडिलांची थोरली बहीण.

"कोट कुणाचा होता गं?"

"आपलाच. चाळीत कुणाचं लग्न जमलं की फोटोपुरता न्यायचे. नवरा रुबाबदार दिसायला नको?"

"मग आजोबांनीही कुणाचा आणला नसेल कशावरून?"

"अरे, ब्रह्मदेशातून नुसती हाडं परत आली त्याची. तापाने खाल्लेला. जाताना हाच कोट घट्ट होता, आई सांगायची."

"तू पाहिलंस?"

"मी जन्मले तरी होते का? मेल्या, तुला आज्याला पण साक्षीदार लागतो!"

आई सांगायची. एवढ्या आधारावर मी कधी बातमी सोडली नव्हती.

मी चप्पल घालत असताना ती म्हणाली, "पुढे कोपर फाटला, तर आईनेच गोधडीचा तुकडा लावला. म्हणून सगळे नवरे हात मागे घेऊन उभे."

घरी येऊन दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. अध्यक्षांच्या वडिलांचा हात मागे होता, तरी ठिगळाची कड दिसत होती. आजोबांचे हात समोर होते आणि कोपर धड होता.

अध्यक्षांना दोन्ही फोटो दाखवले आणि आत्याने सांगितलेली नवऱ्यांची आणि ठिगळाची गोष्ट सांगितली. वडील माझ्या शेजारी उभे होते.

"कोट फाटायच्या आधी तो आजोबांच्या अंगावर होता," मी म्हणालो. "त्यांचाच होता, हे मात्र यातून ठरत नाही."

अध्यक्षांनी ठिगळावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आमचे वडील नवरदेव. आमच्या आईने जन्मभर शिपाई म्हणून फोटोला हार घातला." त्यांनी विचारलं, "आजोबांबद्दल तुझी आत्या काय म्हणते?"

"गेले होते म्हणते."

"मग यांच्या वडिलांचं लिहू. आमचं काढा."

शिळेवर आजोबांचं नाव आलं. वडील रोज संध्याकाळी त्यावरून रुमाल फिरवतात. शिळेवरच्या बाकीच्या नावांच्या घरी मी सध्या जुने फोटो पाहत फिरतो आहे. ठिगळ नसलेला तोच कोट मापात घातलेला, म्हणजे कोटाचा खरा मालक ठरू शकेल असा माणूस अजून तरी सापडलेला नाही.